काचेआडचा सोऱ्या

माझ्या आईचं आणि आत्याचं नऊ वर्षं जे भांडण चाललं होतं ते मी लावलेलं होतं, ही गोष्ट त्या दोघींना पुण्यातल्या एका संग्रहालयात, वरच्या मजल्यावर कळली. तोपर्यंत ती साऱ्या जगात फक्त मला ठाऊक होती. मी ती बरी सांभाळली होती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

भांडण सोऱ्याचं होतं. आमच्या ढोकीच्या घरात एक पितळी सोऱ्या होता. वीतभर उंच, जाड पत्र्याचा, वर फिरवायची दांडी, आणि वजन असं की पायावर पडला तर माणूस थेट धाराशिवच्या दवाखान्यात! आईच्या लग्नात तो तिला परंड्याच्या मामीनं दिला होता. पोटावर नाव कोरलेलं : ‘चि. सौ. कां. पार्वती हिस मामीकडून’. (त्या काळात नाव कोरल्याशिवाय भांडं दिलं तर ते दिलं असं कुणी धरतच नसे.)

चैत्र लागला की आई आणि कुसुम आत्या मिळून कुरड्या घालायच्या. आत्या गावातच दिलेली, दोन गल्ल्या सोडून. तीन दिवस गहू भिजायचे, मग वाटायचे, गाळायचे, आणि चौथ्या दिवशी उजाडायच्या आत अंगणातल्या चुलीवर चीक रटरटायला लागायचा. आत्या घाटायची, आई सोऱ्या भरायची. बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं असायचं, त्यावर एकेक कुरडई गोल फिरत उतरायची. आम्हाला वाटीत गरम चीक, वर दूध आणि गूळ. दोघी तोंडानं गावातल्या प्रत्येक घराचा हिशोब करत आणि हातानं कुरड्या घालत. त्या दोघींचं हसणं कारखान्याच्या भोंग्यापेक्षा लांब ऐकू जायचं. मला अजून कधी कधी सकाळी जाग येते ती त्या हसण्याच्या आठवणीनंच, आणि मग फार चुटपूट लागते.

कारण ते हसणं मी बंद पाडलं.

त्याचं असं झालं. त्या वर्षी आत्यानं सोऱ्या स्वतःच्या घरी नेला होता. आई येरमाळ्याला येडाईच्या यात्रेला गेली होती, सुनंदा, म्हणजे आमची ही, माहेरी. मी एकटाच घरात, परीक्षेचे पेपर तपासत. दुपारी जरा डोळा लागला. उठून बघतो तर ओसरीवर सोऱ्या! आत्या परत ठेवून गेली होती. आत चार कुरड्या. आमच्याकडं उसनं नेलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात.

आणि त्याच वेळी दारात एक झब्बेवाले गृहस्थ उभे राहिले. पुण्यातल्या संग्रहालयासाठी गावोगावच्या जुन्या वस्तू गोळा करत फिरत होते. मी मास्तर माणूस, शहरातला शिकलेला पाहुणा घरी आलेला, मी एकदम फुललो. चहा केला. सोबत काय द्यावं? सोऱ्यातल्या चारही कुरड्या तळल्या! गृहस्थांनी कुरडई मोडता मोडता सोऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “काय सुंदर वस्तू आहे हो!”

“घेऊन जा,” मी म्हणालो.

का म्हणालो? आजपर्यंत मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली आहेत. संस्कृतीचं जतन, पुढच्या पिढ्या वगैरे. खरं कारण एवढंच, की मी लगेच पुढं विचारलं होतं, “तिथं देणाऱ्याचं नाव लावतात का हो?”

“बघू की,” ते हसून म्हणाले.

ह्या ‘बघू की’चा अर्थ मी ‘ठळक अक्षरांत’ असा घेतला. कागदावर सही केली. पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि शिक्षणसुद्धा लिहिलं!

आईला मी सांगणार होतो. अगदी सांगणारच होतो. पण ती यात्रेहून आली ती परस्पर आत्याच्या दारावरून आली, आणि सोऱ्या मागायला थांबली. आत्या म्हणाली, “म्या ठिवला की वसरीवर.” आई घरी आली. ओसरी रिकामी. पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला जे बोलणं झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. “माझ्या मामीची वस्तू! डोळा व्हता तुमचा तिच्यावर पयल्यापासनं!” इथपर्यंत आई गेली. त्यावर आत्या म्हणाली, “मला चोर म्हनलात, आता ह्या तोंडानं तुमच्याशी बोलायची न्हाय.” आणि दार लावून घेतलं.

आता ह्यानंतर मी तोंड कसं उघडणार? उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला, परवाची दिवाळी झाली, दिवाळीची नऊ वर्षं झाली!

बरं, बोलणं बंद म्हणजे जाणं-येणं बंद नव्हे. नात्यातलं कार्य चुकवायचं नाही, सणाला ताट पाठवायचं राहायचं नाही. फक्त एकमेकींशी बोलायचं नाही. मध्ये माणूस लागतो. तो माणूस मी!

“दिगू, सांग तुज्या आत्याला, च्या निवतोय.”

आत्या दोन हातांवर बसलेली. तिनं ऐकलेलं असतंच. तरी ती माझ्याकडं बघते. मी सांगायचं, “आत्या, चहा निवतोय.”

“वैनीला म्हनावं, साखर लई झाली.”

“आई, साखर...”

“ऐकलं म्या! म्हनावं, आमच्याकडं असलीच असती!”

एकदा मला ताप होता तर दोघी माझ्या अंथरुणाच्या दोन बाजूंना बसल्या आणि माझ्यामार्फत माझ्याच तब्येतीची चर्चा करत होत्या. आणि गावात अजून कुणी कुणी आत्याबद्दल ‘नणंदेनं भावजयीचा सोऱ्या दाबला’ म्हणायचं. ते कानावर आलं की मला गिळलेला घास टोचायचा. आत्या सरळ बाई. उभ्या आयुष्यात तिनं दुसऱ्याच्या शेतातली शेंग तोडलेली नाही.

तर गेल्या फाल्गुनात आमच्या वैशालीनं पुण्यात घर घेतलं. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक म्हणते, “आजी, आत्याआजी, चला तुम्हाला इथलं संग्रहालय दाखवते. खाली चित्रं, वर जुन्या वस्तू. लोक लांबून लांबून बघायला येतात.”

मी चहाची बशी खाली ठेवली.

“कोणतं संग्रहालय?” मी विचारलं. तिनं नाव सांगितलं. तेच!

“कशाला? गर्दी असते. आईचे गुडघे...”

“माज्या गुडघ्याला काय झालंय? यात्रंला चालत जाते म्या,” आई म्हणाली. “तुज्या आत्याला इचार, तिला जमतंय का.”

“वैनीला म्हनावं, त्यांच्या आदी चढून दावते.”

झालं. निघालो. रिक्षात मी मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या. आणि खरं सांगतो, मला भीती वाटत होती, पण त्या भीतीच्या शेजारीच एक बारीक गुदगुलीसुद्धा होत होती. नऊ वर्षं ज्या पाटीवर माझं नाव आहे ती पाटी मी पाहिली नव्हती! हजारो शहरी माणसं ती वाचून गेली असणार. ‘कोण असेल हा दिलदार माणूस?’ म्हणत असणार. ती पाटी मला बघायची होती. फक्त मला. आईला नाही. ह्यात काही अवघड आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

मी बेत आखला. सगळ्यांना खालच्या चित्रांतच गुंतवायचं आणि आपण हळूच वर जाऊन यायचं.

खालचा बेत फारच छान जमला. एका चित्रात बैलजोडी होती. आई तिच्यासमोर पाच मिनिटं उभी राहिली.

“सांग तुज्या आत्याला, डावा बैल लंगडतोय.”

“वैनीला म्हनावं, लंगडत न्हाय, बसायला बगतोय.”

मी इकडून तिकडं निरोप पोचवतोय आणि आजूबाजूची मंडळी चित्र सोडून आमच्याकडं बघतायत! मग एक नवीन पद्धतीचं चित्र आलं. सगळा तांबडा रंग, मध्ये एक काळा ठिपका. दोघींनी मान वाकडी करून पाहिलं. मग आत्या म्हणाली, “वैनीला इचार, ह्ये पुरं झालंय का व्हायचंय?” आईच्या तोंडाचा कोपरा हलला. नऊ वर्षांपूर्वी असती तर दोघी पदरात तोंड खुपसून हसल्या असत्या. आता मात्र आई तोंड फिरवून पुढच्या चित्राकडं गेली, आणि मला फार वाईट वाटलं. हे मी खरंच सांगतोय.

तरीपण पाटी बघायची होती.

“वर काय हाय?” आईनं विचारलं.

“काही नाही. तलवारी. आणि काचेत साप.”

“साप?” वैशाली म्हणाली. “बाबा, साप कुठले?”

“जुने,” मी म्हणालो. “तुम्ही इथंच बाकावर बसा. मी पाणी पिऊन येतो.”

आणि मी सटकलो. जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढलो, वयाला न शोभेल असा!

एवढी सगळी काळजी घेतली, पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. मी गेल्यावर त्या दोघी एकमेकींशी बोलणार कशा? मी पाठ फिरवली आणि तेवढ्यात आईला आठवलं की तिच्या गोळीची डबी आत्याच्या पिशवीत आहे. मागायची कुणाकडून? सुनंदा आणि वैशाली लांब कुठल्याशा चित्रासमोर. आत्याला डबी द्यायची होती, पण न मागता दिली तर बोलल्यासारखंच झालं असतं! तेव्हा आई उठली माझ्या शोधात. आत्याही उठली माझ्याच शोधात. दोघी हातभर अंतर ठेवून जिना चढायला लागल्या.

मी तोवर वर पोचलो होतो. खलबत्ते, दिवे, अडकित्ते, पाटे, फण्या... आणि कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात आमचा सोऱ्या! असा लखलखीत घासलेला की मी ओळखलाच नाही. पोटावरचं आईचं नाव वाचलं तेव्हा ओळखला. पाटी होती. मी चष्मा पुसला. घातला. वाचलं.

‘सोऱ्या. पितळ. मराठवाडा.’

बस्स! मी पाटीच्या मागं बघायचा प्रयत्न केला. खाली वाकलो. बाजूनं वाचलं. माझं नाव, गाव, तालुका, जिल्हा, शिक्षण, काहीही नव्हतं!

“दिगू, तुज्या आत्याला सांग, गोळीची डबी...”

मी वळलो. आई माझ्या खांद्यावरून कपाटात बघत होती. ती पुढं सरकली. काचेला हात लावून तिनं सोऱ्याच्या पोटावरची अक्षरं एकेक करून वाचली.

“माज्या मामीचा सोऱ्या हाय ह्यो,” ती म्हणाली. आणि आत्याकडं वळली. “दिगू, इचार तुज्या आत्याला. इचार! मला वाटलं घरात लपिवला आसंल. ही बाई तर पार पुण्याला इकून मोकळी झाली!”

मी काही विचारायच्या आत आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. “येडाईची आन,” ती म्हणाली. “म्या वसरीवर ठिवला व्हता. दिगू, सांग रं वैनीला. म्या ठिवला व्हता.” आणि ती तिथंच, फरशीवर, खाली बसली. तोंडाला पदर लावून रडायला लागली. सत्तरीची बाई, परक्या गावात, चार लोकांत चोर ठरत होती. सुनंदा आणि वैशाली धावत वर आल्या. पहारेकरी आला. त्याच्यामागून एक चष्मेवाल्या बाई आल्या, संग्रहालयातल्याच.

“कुनी दिला ह्यो तुमाला?” आईनं त्यांना विचारलं. “नाव सांगा!”

“आजी, देणाऱ्यांची नावं नोंदवहीत असतात,” बाई शांतपणे म्हणाल्या. “ती दप्तरात आहे, आणि दप्तर आज बंद आहे.”

ऐका! दप्तर बंद. पाटीवर नाव नाही. म्हणजे मी सुटलो होतो! गप्प राहिलो असतो तर आणखी नऊ वर्षं आरामात काढली असती.

गावात मी आता असं सांगतो की आत्याचं रडणं मला बघवलं नाही. बघवत नव्हतं हे खरंच आहे. पण तुमच्यापासून काय लपवायचं? त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते असं होतं :

“अहो, पण नाव पाटीवर का नाही? मी दिलाय तो! सही केलीय मी, पूर्ण पत्त्यासकट!”

सगळ्या दालनात ऐकू गेलं. पहारेकऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, बाईंनी पाहिलं, तलवारी बघायला आलेल्या एका कुटुंबानं पाहिलं. सुनंदा हळूच म्हणाली, “अहो!” त्या एका ‘अहो’त आमचा सगळा संसार होता.

आई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण ती गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, फरशीवर आत्याच्या शेजारी बसली. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मला मध्ये न घालता बोलली.

“वन्सं, चुकलं माजं.”

आत्यानं पदर खाली घेतला. “वैनी,” ती हुंदका आवरत म्हणाली, “त्यात चार कुरड्या बी व्हत्या.”

आईनं मान वर केली. “दिगू, कुरड्या कुठं हायत?”

“पाहुण्यांना तळून दिल्या,” मी म्हणालो. “दोन मी खाल्ल्या.”

“चव कशी व्हती?” आत्यानं विचारलं.

“चांगली होती.”

“मेल्या!” आई म्हणाली. आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण आत्या रडता रडता हसायला लागली, आईही हसायला लागली, दोघी एकमेकींच्या अंगावर रेलून अशा हसल्या की पहारेकऱ्याला त्यांना गप्प करायचं सुचेना. मी कपाटाला टेकून उभा होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी बघितलं नाही, कारण माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं.

चष्मेवाल्या बाईंनी नंतर सगळ्यांना चहा दिला. सोऱ्या परत मिळेल का, असं मी चाचरत विचारलं. त्या काही बोलायच्या आत आईच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या हितंच. घरी न्हेला तर ह्यो परत कुनाला तरी दील.” मग तिनं आणि आत्यानं बाईंना चीक कसा घाटायचा, तो सोऱ्यात कसा भरायचा, कुरडई फिरवताना मनगट कसं वळवायचं ते हवेत करून दाखवलं. दोघी एकाच वेळी बोलत होत्या. बाई लिहून घेत होत्या आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.

परतीच्या गाडीत मी सवयीनं मध्ये बसायला गेलो. “तू म्होरं बस डायव्हरपाशी,” आई म्हणाली. कुर्डुवाडीपर्यंत दोघी थांबल्या नाहीत. नऊ वर्षांचं साचलेलं होतं.

चैत्रात तुळजापूरच्या बाजारातून नवा सोऱ्या आला. माझ्या खर्चानं. गहू भिजले. चौथ्या दिवशी उजाडायच्या आत आईनं मला हाक मारली. आत्या चीक घाटत होती. दोघींची मनगटं आता थकली आहेत, तेव्हा दांडी फिरवायचं काम माझ्याकडं. एका सकाळी पाच पायलीचा चीक! खांदा उतरला, अंगठ्याला फोड आला, धोतर चिकानं बरबटलं, पण उठायची सोय नव्हती.

शेजारच्या यमुनाबाई कंपाउंडवरून डोकावल्या. “अगं बाई, मास्तर कुरड्या घालतायत?”

“व्हय,” आई म्हणाली. “संग्रहालयवालं कुनी परत आलं तर सांगा की आमाला. ह्याला द्यायचाय.”

“घेतील का पर?” आत्यानं विचारलं.

आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“जुना हाय,” ती म्हणाली, “पर काय उपेग व्हता ह्याचा, ह्ये पाटीवर लिवायचं कसं?”